मिठाचा खडक

पूर्वी अश्मक देशावर चित्ररथ राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व शेळ्या राखणाऱ्यांच्या कुळात जन्मला आणि मेंढ्या राखणाऱ्यांच्या वाड्यावर घरजावई होऊन राहिला. हा वाडा म्हणजे भिंतींचे घर नव्हे. मेंढपाळ जिथे जाळीच्या कुंपणात कळप बसवतात आणि भोवती आपल्या राहुट्या ठोकतात, त्या मुक्कामाला ते वाडा म्हणत. गोदावरीपासून नऊ दिवसांच्या वाटेवर, एका कोरड्या पठारावर सहाशे मेंढरांचा हा वाडा होता आणि वरदक नावाचा म्हातारा त्याचा प्रमुख होता.

बोधिसत्त्वाचे नाव सोमिल. वरदकाची थोरली मुलगी सुमना त्याला दिली होती. दोन वर्षांपूर्वी ती तापाने गेली. रीतीप्रमाणे त्याने तेव्हाच आपल्या लोकांत परतायचे. पण सुमनेने जाताना आपल्या वाट्याच्या चाळीस मेंढ्या धाकट्या बहिणीला दिल्या होत्या आणि नवऱ्याला सांगितले होते, तिला कळप सांभाळता येईपर्यंत थांबा. म्हणून तो थांबला. वरदक त्याला चारचौघांत ‘जावईबापू’ म्हणे, आणि ते अशा सुरात म्हणे की ऐकणाऱ्याला हसू फुटावे.

शेळीवाले आणि मेंढीवाले एकाच पठारावर, एकाच उन्हात राहत. तरी मेंढीवाल्यांना वाटे की आपण वरचे. शेळी काट्याकुट्यात तोंड घालते, मेंढी मान खाली घालून गवत खाते. तेव्हा तिला राखणारा माणूसही सभ्य, असा त्यांचा हिशेब होता. बाभळीच्या शेंगा, बोरीचा नि शमीचा पाला याला ते ‘शेळीचा घास’ म्हणत आणि आपल्या मेंढरांना त्याचा वासही लागू देत नसत.

सुमनेची धाकटी बहीण इंगुदी. इंगुदी हे एका काटेरी झाडाचे नाव. तिची आई जिवंत असताना म्हणायची की नाव ठेवताना आम्ही फार विचार केला नाही आणि पोरीने ते फारच मनावर घेतले.

त्या वर्षी पाऊस आला नाही. माघातच गवत संपले. चैत्राच्या मध्यावर पठारावर पाण्याची एकच जागा उरली, ती म्हणजे खडकात कोरलेले जुने टाके. त्याला सतरा पायऱ्या होत्या. पाणी सातव्या पायरीपर्यंत उतरले होते आणि दहा पायऱ्या अजून पाण्याखाली होत्या. पावसाला अडीच महिने अवकाश होता. इंगुदीच्या चाळीस मेंढ्या गाभण होत्या आणि वैशाखात विणार होत्या. बहिणीच्या हातचे तिच्याजवळ एवढेच उरले होते.

वाड्याची एक रीत होती. टाक्याजवळ एक सपाट काळा खडक होता. दर अमावास्येला पुरुष त्यावर खडेमीठ कुटून पसरत. मेंढरे ते चाटत, मग टाक्यावर जाऊन पोट फुगेस्तोवर पाणी पीत. परत येताना वरदक वाटेत उभा राही आणि एकेकीच्या पोटावर हाताचा पंजा मारी, डफावर थाप मारावी तसा. आवाज ऐकून तो म्हणे, ‘भरली.’ किंवा म्हणे, ‘रिती.’ चाळीस वर्षे तो हे करत आला होता. जे मेंढरू भरपूर पिते ते दुष्काळातून निभावते, अशी त्याची खात्री होती. त्यामुळे मेंढरे खंगू लागली तशी त्याने ताबडतोब ठरवले की ती पाणी कमी पीत आहेत. महिन्याचे मीठ त्याने दर पाचव्या दिवसावर आणले. खायला गावातून लोकर देऊन घेतलेला वाळका कडबा होता. वाळका कडबा आणि त्यावर मीठ. मेंढरे धापा टाकत टाक्याकडे धावू लागली. थाप मारली की पोट भरल्यासारखे वाजे, कारण आत पाणीच पाणी होते. म्हातारा समाधानाने मान डोलावी.

टाक्यातून पाणी उपसणाऱ्यांत इंगुदी होती. तिला पायऱ्या दिसत होत्या. मीठ नेहमीसारखे महिन्याला होते तेव्हा एक पायरी आठ दिवस टिकायची. आता चार दिवसांत उघडी पडत होती. तिने एका सकाळी सोमिलाला विचारले, हे असेच चालले तर काय होईल? त्याने तिला समजावून सांगितले. चिमूटभर मीठ अंगाला लागते, पण ओंजळभर मीठ पाणी मागते. वाळका कडबाही पाणी मागतो. हिरवा पाला मात्र स्वतःचे पाणी घेऊनच पोटात जातो. त्याच्या लोकांच्या शेळ्या असल्या वर्षी पाल्यावर आणि शेंगांवर काढायच्या, आणि आता एक घागर दोन मेंढ्यांना लागते ती तेव्हा पाच शेळ्यांना पुरायची.

सोमिलाने ठरवले होते की संध्याकाळी सासऱ्याशेजारी बसून, सल्ला विचारावा तशा सुरात हा विषय काढायचा. इंगुदीला संध्याकाळपर्यंत धीर नव्हता. सगळा वाडा कडबा टाकत असताना ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

‘आबा, दाजी म्हणतात मीठ बंद करा. शेळीचा घास द्या. नाहीतर तुमच्या त्या थापेने टाकं रितं होणार आहे.’

यातले शेवटचे वाक्य दाजींचे नव्हते. पण आता ते त्यांच्या नावावर जमा झाले होते. वरदकाने कडब्याची पेंढी खाली ठेवली.

‘जावईबापूंच्या कुळातल्या शेळ्या पाणी पीत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं,’ तो म्हणाला. लोक हसले.

‘पितात, मामा,’ सोमिल म्हणाला. ‘कमी पितात. थोड्या मेंढरांवर करून बघू. नाही जमलं तर मी परत कडबा टाकेन.’

‘माझ्या मेंढ्या काटे खाणार नाहीत.’

‘चाळीस तुमच्या नाहीत,’ इंगुदी म्हणाली. ‘माझ्या आहेत.’

वाड्यावर अशा बोलण्यानंतर सहसा काठी उचलली जाई. वरदकाने ती उचलली नाही. तो शांतपणे म्हणाला, की मग ने. बाजूला वेगळी जाळी लाव. आणि चाळीस मेंढ्यांना दिवसाला वीस घागरी लागतात, पण शहाण्यांच्या मेंढ्यांना तेवढ्या कशाला? त्यांनी आठ घ्याव्यात.

इंगुदीचा चेहरा तापला. ती काही बोलण्याआधीच सोमिल म्हणाला, ‘आठ पुरतील, मामा.’

दुसऱ्या दिवसापासून दोघे पहाटे उठून पाल्याला जाऊ लागले. लांब काठीला कोयत्यासारखे वाकडे पाते बांधलेले असते, तिला आकडी म्हणतात. तिने शमीच्या नि बोरीच्या फांद्या उतरवायच्या. ऊन चढायच्या आत पाला पाण्याने भरलेला असतो, म्हणून काम तेव्हाच उरकायचे. झाडाचा शेंडा आणि एक तृतीयांश फांद्या सोडायच्या, म्हणजे पुन्हा फुटवा येतो. बाभळीखाली पडलेल्या वाळक्या शेंगा गोळा करून त्या भरडायच्या. सोमिल हे सगळे हाताने दाखवी, तोंडाने फार थोडे सांगे. इंगुदीला त्याच्या या स्वभावाचाही राग येई, कारण तिला भांडायला काही मिळत नसे.

मेंढ्यांनी दोन दिवस पाल्याला तोंड लावले नाही. फांद्या समोर टांगलेल्या, आणि त्या चाळीस जणी पाठ फिरवून कडब्याच्या वासाकडे बघत उभ्या. वाड्यावरच्या बायका येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, मेंढ्यांना कुळाची लाज आहे, पोरीला नाही. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मेंढीने मान वर केली. लहानपणी लांडग्याने तिचा कान तोडला होता, म्हणून तिला कानतुटी म्हणत. तिने शमीचे एक डहाळे ओढले, चावले, थांबली, पुन्हा ओढले. शेजारच्या दोघी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनीही ओढले. दुपारपर्यंत टांगलेल्या फांद्यांच्या नुसत्या काड्या उरल्या.

सोमिल तिला म्हणाला, ‘हे लक्षात ठेव. आपण दाखवलेलं त्या खात नाहीत. दुसरीने खाल्लेलं खातात.’

आठ घागरी पुरल्या. सहाव्या दिवशी तर अर्धी घागर उरली, ती इंगुदीने मुद्दाम बापाच्या राहुटीसमोरून मिरवत नेली. मेंढ्यांच्या डोळ्यांत चमक आली, लेंड्या घट्ट झाल्या, धापा थांबल्या. मुख्य कळप मात्र मीठ चाटत होता आणि टाक्यावर रेटारेटी करत होता.

पण इंगुदीला सगळे लवकर हवे होते. शेंगा भरडून प्रत्येकीला दोन मुठी द्यायच्या, तेही पोटभर पाला खाल्ल्यावर, असे सोमिलाने सांगितले होते. आठव्या दिवशी तो लांबच्या बाभळींकडे गेला असताना तिने मेंढ्यांकडे पाहिले. त्या चांगल्या दिसत होत्या. तिला त्या उत्तम दिसायला हव्या होत्या, बापाने बघून गप्प व्हावे इतक्या. तिने भरडलेल्या शेंगांचे अर्धे पोते उपाशीपोटीच त्यांच्यासमोर ओतले. पुढे असलेल्या दोघींनी अधाशासारखे खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्या दोघी मान टाकून उभ्या होत्या. एकीला सोमिलाने दिवसभर हळूहळू चालवले, काही खाऊ दिले नाही, आणि ती वाचली. दुसरी संध्याकाळी मेली. तिच्या पोटात दोन कोकरे होती.

इंगुदीने जे केले ते लपवले नाही. तिने त्याला सगळे सांगितले आणि रागावण्याची वाट बघत उभी राहिली.

‘मी दोन मुठी सांगितलं,’ तो म्हणाला. ‘का ते सांगितलं नाही. शेंगेत तुरटपणा असतो, तो जास्त झाला की पोट थांबतं. हे मी तुला सांगायला हवं होतं. तेवढी माझी चूक. बाकीची तुझी.’

तिला वाटले होते त्यापेक्षा हे जड गेले.

वरदक मेलेली मेंढी बघायला आला. त्याने तिच्या पोटावर थाप मारली, सवयीने. मग लोकांकडे वळून म्हणाला की हा शेळीचा घास, बघून घ्या. मागे एकोणचाळीस मेंढ्या ताज्या टवटवीत उभ्या होत्या, त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नाही.

बाराव्या दिवशी टाक्याच्या आणखी तीन पायऱ्या उघड्या पडल्या. वरदकाने वाडा हलवायचे ठरवले. दुष्काळात त्याचे वाडवडील गोदावरीवर जात, तेव्हा आपणही जायचे. वाटेत मुक्कामाच्या विहिरी आहेत. सोमिल त्याच्याकडे गेला आणि म्हणाला की सात पायऱ्या पाणी अजून आहे. मीठ आणि कडबा आज थांबवला, सगळ्या कळपाला पाल्यावर आणले, तर एक पायरी दहा दिवस पुरेल. सत्तर दिवसांत पाऊस येतो. गाभण मेंढ्यांना नऊ दिवस उन्हात चालवू नका.

वरदकाने विचारले, तुझी एक मेंढी मेली ना? सोमिल म्हणाला, मेली. वरदक म्हणाला, मग झाले.

निघायच्या आदल्या दिवशी आणखी एक रीत होती. लांबच्या वाटेला लागण्याआधी मेंढरांना ओंजळभर जास्त मीठ द्यायचे, म्हणजे ती टाक्यावर भरपूर पितील आणि ते पाणी वाटेत पुरेल. पुरुष काळ्या खडकावर मीठ कुटू लागले. तेव्हा सोमिलाने असे काही केले जे त्याने त्या वाड्यावर कधी केले नव्हते. तो सगळ्यांदेखत सासऱ्याच्या पायांशी बसला.

‘मामा, जायचं तर जा. मला शेळीवाला म्हणा, काही म्हणा. पण मीठ देऊन जाऊ नका. पोटातलं पाणी आज निघून जाईल आणि मीठ उद्या तसंच राहील.’

वरदकाने पाय मागे घेतले. मीठ पसरले गेले. सकाळी पाचशे साठ मेंढरे, माणसे आणि गाढवे उत्तरेकडे गेली. सोमिल, इंगुदी, एकोणचाळीस मेंढ्या आणि ओझ्याची चार गाढवे मागे राहिली.

ते गेल्यावर पठारावर मोठी शांतता झाली. इंगुदीने टाक्यात डोकावून पाहिले आणि तिला हसू आले. सात पायऱ्या पाणी, आणि पिणाऱ्या एकोणचाळीस. पुढचा पाऊसही आला नाही तरी चालेल. हे सगळे आता तिचे होते, आणि तिने ते बरोबर असण्याने मिळवले होते. सोमिलाने मात्र ते दोन दिवस शेंगाच गोळा केल्या. इतक्या शेंगा कशाला, असे तिने विचारले नाही. तिला उत्तर ऐकायचे नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेकडून दोन मेंढ्या आल्या. त्या वरदकाच्या कळपातल्या होत्या. ओठ फुटलेले, जीभ काळी पडलेली, डोळे आत गेलेले. त्या टाक्याकडे आल्या नाहीत. काळ्या खडकापाशीच कोसळल्या. सोमिलाने त्यांना ओंजळीने घोट घोट पाणी पाजले. मग तो खडकाला टेकून बसला.

‘पहिल्या मुक्कामाची विहीर यांनीच उपसली असेल आणि दुसऱ्या मुक्कामाची कोरडी निघाली असणार,’ तो म्हणाला. ‘तिथून पुढे जाता येत नाही आणि मागे येता येत नाही.’

‘आपण सांगितलं होतं,’ इंगुदी म्हणाली. ‘तुम्ही पाय धरले होते. अजून काय करायचं माणसाने?’

‘मी जातो. पखालींत पाणी नेतो, शेंगा नेतो. पण त्या विहिरीभोवती अंजनाचं बन आहे, खरी शिदोरी तीच. हिरवंगार असेल या दिवसांत. आणि मेंढरं त्याच्या सावलीत उपाशी तहानलेली पडली असतील. मी फांद्या तोडून समोर टाकल्या तरी तोंड लावणार नाहीत. दोन दिवस तर नाहीच, आणि त्यांच्याजवळ दोन दिवस नाहीत.’ त्याने जाळीकडे पाहिले. ‘तुझ्या एकोणचाळीस समोर खाल्ल्या, तर खातील. पण त्या तुझ्या आहेत. गाभण आहेत. वाटेत काही जातील. नाही म्हणालीस तर मी तुला दोष देणार नाही.’

 इंगुदीला बापाची ती थाप आठवत होती, लोकांचे हसणे आठवत होते, मिरवत नेलेली अर्धी घागर आठवत होती. तिला या क्षणी सगळ्यांत जास्त हवे होते ते हे, की म्हाताऱ्याला कळावे.

‘त्यांना एकदा कळायला हवं,’ ती म्हणाली.

‘मेंढरांना?’ सोमिलाने विचारले.

जाळीच्या आतून कानतुटीने मान बाहेर काढली होती. आलेल्या दोघींपैकी एकीचे तोंड ती चाटत होती, ओठांवरचे मीठ निघेपर्यंत. इंगुदीने ते पाहिले. मग ती उठली.

‘आकडी मी घेते,’ ती म्हणाली. ‘तुमच्या हातून फांद्या फार मोडतात.’

पहाटे ते निघाले. ऊन तापले की झाडाखाली थांबायचे, उतरले की चालायचे. पोटात पाला असलेल्या त्या गाभण मेंढ्या एका दिवसात अशा चालल्या की इंगुदीलाच नवल वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास त्यांना बन दिसले.

सोमिल म्हणाला होता तसेच होते. अंजनाची झाडे कोवळ्या पानांनी भरली होती. त्यांच्याखाली पाचशे मेंढरे पडली होती, काही कधीच न उठणारी. पुरुष कोरड्या विहिरीच्या तळाशी खणत होते आणि वर फक्त माती येत होती. वरदक एका मेंढीशेजारी बसला होता. त्याचा पंजा तिच्या पोटावर होता, पण तो थाप मारत नव्हता.

‘आवाज येत नाही,’ तो म्हणाला. मग मान वर करून पाहिले. ‘हसायला आलात?’

इंगुदीने दीड दिवसाच्या वाटेवर पुष्कळ बोलणे जुळवून आणले होते.  ते तसेच ठेवून ती आकडी घेऊन जवळच्या अंजनाकडे गेली आणि फांद्या खाली पाडू लागली.

सोमिलाने पखाली सोडल्या. माणसांना घोटभर, मग मेंढरांना एकेक ओंजळ, त्याहून जास्त नाही. मीठ उरले होते ते पोते त्याने उचलून बनापलीकडच्या एका खड्ड्यात टाकायला सांगितले. वरदकाने ते स्वतः टाकले. मग एकोणचाळीस मेंढ्या मोकळ्या सोडल्या. कानतुटी फांदीपाशी गेली आणि खाऊ लागली. तिला बघायला कोणी प्रमुख लागत नव्हता. पाने चावल्याचा आवाज येऊ लागला. पडलेल्यांतली एक मेंढी गुडघ्यांवर उठली, मग दुसरी. एका मोठ्या मेंढ्याने कानतुटीच्या तोंडातलेच पान ओढून घेतले. संध्याकाळ होईतो सगळ्या बनातून तोच एक आवाज येत होता, आणि विहिरीच्या तळातले पुरुष वर येऊन फांद्या तोडत होते.

चार दिवस ते तिथे राहिले. खाली अजून ओल असलेल्या ओढ्याच्या वाळूत सोमिलाने झरा खणून घेतला. दिवसाला चार-पाच पखाली पाणी निघे. कडब्यावर ते एक दुपारही पुरले नसते, पाल्यावर त्यात कळप तगला. मग रोज पहाटेचे आणि दिवेलागणीचे चालून ते परत टाक्यावर आले. पहिल्या मुक्कामाच्या विहिरीत तोवर थोडे पाणी झिरपून साचले होते. पाचशे साठांपैकी सत्त्याऐंशी मेंढरे गेली. इंगुदीच्या तीन मेंढ्यांची कोकरे वाटेत अवेळी पडून मेली. तिने ती आपल्या हाताने पुरली.

टाक्याच्या सात पायऱ्या अजून पाण्याखालीच होत्या. पुढे सगळा कळप पाल्यावर राहिला, शेंगा दोन मुठी, मीठ चिमूटभर. एका सकाळी वरदक इंगुदीजवळ येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. आकडीसाठी.

‘कुठली फांदी तोडायची आणि कुठली ठेवायची?’ त्याने विचारले.

इंगुदीच्या जिभेवर एक धारदार उत्तर होते. आयुष्यात इतकी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती. तिने शेंडा दाखवला, खालच्या फांद्या दाखवल्या, आणि या वेळी का ते सांगितले.

ज्येष्ठाच्या शेवटी पाऊस आला, तेव्हा टाक्याच्या दोन पायऱ्या अजून पाण्याखाली होत्या. पावसानंतर जिथे कळप बसायचा तिथे, लेंड्यांच्या खतात, बाभळीची शेकडो रोपे उगवली. शेंगांतले बी मेंढरांच्या पोटातून जसेच्या तसे बाहेर आले होते. काळ्या खडकाच्या कडेनेही ती उगवली. वरदकाने त्यांच्याभोवती काटेरी कुंपण घातले आणि त्या खडकावर पुन्हा कधी ओंजळीने मीठ पसरले गेले नाही.

वाड्यावरच्या लोकांनी सोमिलाला प्रमुखाची काठी देऊ केली. तो म्हणाला की सुमनेने मला इंगुदीला कळप सांभाळता येईपर्यंत थांबायला सांगितले होते, आणि तो दिवस अंजनाच्या बनातच येऊन गेला. काठी द्यायची तर तिला द्या. मग त्याने घोंगडे खांद्यावर टाकले. वरदक सगळा वाडा घेऊन त्याला पठाराच्या कडेपर्यंत सोडायला गेला आणि तिथे सगळ्यांसमोर म्हणाला, ‘या, जावईबापू.’

या वेळी कोणी हसले नाही.

शास्त्यांनी, म्हणजे संघाच्या गुरूंनी, ही कथा एका उन्हाळ्यात सांगितली. विहाराची विहीर आटत चालली होती. माळ्याच्या घरून नुकताच संघात आलेला एक भिक्षू म्हणाला की झाडांना वरून पाणी घालू नये, मुळांशी सच्छिद्र मडके पुरून त्यात घालावे. एका ज्येष्ठ भिक्षूने त्याला हसून गप्प केले. तेव्हा एक तरुण भिक्षुणी संतापून म्हणाली की म्हाताऱ्यांची बाग वाळू दे, म्हणजे कळेल. शास्ता म्हणाले, ‘हे तुमचे आजचेच नाही.’ आणि कथा संपल्यावर त्यांनी जन्मांची सांगड घातली. तेव्हाचा वरदक म्हणजे हा ज्येष्ठ भिक्षू. इंगुदी म्हणजे ही भिक्षुणी. कानतुटी म्हणजे संघातली ती वृद्ध भिक्षुणी, जिने काही न बोलता काल आपल्या आंब्याच्या रोपाशी मडके पुरले. वाड्यावरचे लोक म्हणजे आजची परिषद, आणि सोमिल मी स्वतः होतो.

या कथेतली पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला नेलेला गुण, मैत्रीची आहे. प्रज्ञा सोमिलाजवळ भरल्या टाक्याच्या काठी बसूनही होतीच. हसणाऱ्यांच्या मागे पखाली घेऊन तो दीड दिवस चालला, ते मैत्रीने.